चार अंगुळे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्याकडे डाव बसायचा. वरवट बकाल हे शेगावहून संग्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि खाली पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा. पोळ्याच्या सुमारास कपाशी अजून फुटायची असते, त्यामुळे हातात पैसा नसतो. तरीही वर्षभर पत्त्यांना हात न लावणारी माणसे त्या दिवशी ओसरीवर सतरंजी टाकून तीन पत्ती खेळत. १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा सर्वांना ठाऊक असे. त्या दिवसापुरता त्याचा उच्चार कुणी मोठ्याने करीत नसे.

या डावात माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दर वर्षी बसत. त्यांची खेळण्याची रीत ठरलेली होती. ते ब्लाइंड कधी खेळत नसत. पाने उचलत, एकदा पाहत, आणि बहुतेक वेळा काही न बोलता ती पालथी ठेवून देत. संध्याकाळभरात फार तर चार-पाच वेळा ते चाल करीत, आणि ती केली की बाकीचे एकेक करून पॅक होत. मोठ्या बाबांनी पैसा टाकला म्हणजे त्यांच्याजवळ पाने आहेत, याबद्दल गावात दुमत नव्हते. मी लहानपणी त्यांच्या मागे बसून त्यांची पाने पाहत असे, आणि मला एक गोष्ट विचित्र वाटे : कलर असो की सिक्वेन्स, त्यांना मोठा डाव कधी मिळतच नसे. सगळे पळून जात. टेलरकाका मात्र जोडीवर ओरडत, ब्लाइंडमध्ये उड्या मारीत, हरत, आणि वर्षातून एखाद्या वेळी तिर्री लागली की गाडाभर पैसे ओढीत. कारण त्यांच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

२००१ च्या करीला जे घडले, ते गावात पुढे अनेक वर्षे सांगितले गेले. पाच जण खेळत होते. तिघे पॅक झाले आणि मोठे बाबा व टेलरकाका समोरासमोर उरले. मध्ये बावीसशे रुपये जमले होते. मोठ्या बाबांनी बंडीच्या आतल्या खिशातून खतासाठी ठेवलेली हजाराची नोट काढली आणि सतरंजीवर ठेवली. आमच्याकडे चालीला मर्यादा नव्हती. शो मागायचा तर टेलरकाकांना तितकाच हजार टाकावा लागणार होता. त्यांनी आपली पाने पुन्हा पाहिली, मोठ्या बाबांकडे पाहिले, आणि पाने पालथी घातली. नंतर त्यांनी सर्वांना ती उघडून दाखवली : इस्पिकचा कलर, एक्क्याचा. लोक हळहळले. टेलरकाका म्हणाले, "त्याची चाल हाये बाप्पा. सिक्वेन्स असल्याबिगर तो हजार नाई काढत." मोठ्या बाबांनी आपली पाने गड्डीत मिसळून टाकली. ती दाखवण्याचे बंधन नव्हते, आणि दाखवा असे म्हणण्याचे कुणाच्या मनातही आले नाही.

त्या डावात त्यांनी स्वतःचे घातलेले पैसे वजा जाता पंधराशे रुपये मिळाले. आठ दिवसांनी मी एम.ए.ला अमरावतीला गेलो तेव्हा खोलीचे भाडे आणि खाणावळीची अनामत भरायला पंधराशेच कमी पडत होते. ते कुठून आले हे मला माहीत होते. कसे आले हे माहीत नव्हते. त्यानंतर मोठे बाबा करीच्या डावाला पुन्हा बसले नाहीत. गुडघे दुखतात, असे ते सांगत.

२०१७ मध्ये, शेवटच्या आजारपणात, एका दुपारी त्यांनी मला खाटेजवळ बोलावले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी माह्याजवळ काईच नव्हतं बापू. चौकटची नव्वी, किलवरची सत्ती अन् बदामाची दुर्री." सोळा वर्षांनंतर त्यांना तीनही पाने रंगांसकट आठवत होती. थोड्या वेळाने म्हणाले, "टेलरले सांगून देजो. मले नाई सांगता आलं. तू मास्तर हायेस, तुले सांगता येईन." त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

ही जबाबदारी मी लगेच पार पाडली नाही. मास्तर माणसाला एखादी गोष्ट करता आली नाही की तो त्या विषयावर वाचन सुरू करतो. मीही तेच केले. पत्त्यांच्या खेळात माणसाच्या प्रतिमेला काय किंमत असते, हे शोधत शोधत मी पोकरच्या पुस्तकांपर्यंत पोहोचलो. मराठी विभागाच्या खोलीत बसून पोकरवर वाचणे शोभत नाही, असे एका सहकाऱ्याने हसत हसत सुचवले. मी त्यांना लीळाचरित्राची आठवण करून दिली. मराठीतला तो आद्य गद्यग्रंथ ज्यांच्या लीळा सांगतो ते चक्रधर पूर्वाश्रमीचे हरिपाळदेव, द्यूतात हरलेले. पत्नीने दागिने देण्याचे नाकारले, मन संसारावरून उतरले, आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने निघालेला हा जुगारी आमच्या वऱ्हाडात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंपाशी येऊन पोहोचला. तेव्हा आपल्या गद्याच्या उगमाशीच द्यूतात हरलेला एक माणूस उभा आहे. असो.

पोकरमध्ये, त्यातही सध्या सर्वत्र खेळल्या जाणाऱ्या टेक्सस होल्डेममध्ये, प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात आणि मध्ये पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. पैसे लावण्याच्या चार फेऱ्या असतात. जिंकण्याचे मार्ग दोनच : शेवटी पाने उघडून, किंवा त्याआधीच बाकीच्यांना पाने टाकायला लावून. आमच्या तीन पत्तीचेही तेच. पहिल्या मार्गाला पाने लागतात. दुसऱ्याला पाने लागत नाहीत, तिथे माणूस लागतो. टेबलावरच्या इतरांच्या मनात तुमच्याविषयी जे मत तयार झालेले असते, त्याला ते लोक 'टेबल इमेज' म्हणतात. निवडक पाने खेळणारा तो 'टाइट', कशावरही उडी घेणारा तो 'लूज'. टाइट माणसाच्या चालीला मान मिळतो. म्हणून त्याला बतावणी साधते, पण चांगल्या पानांवर पैसा मिळत नाही. लूज माणसाचे नेमके उलट. मोठे बाबा आणि टेलरकाका या दोन शब्दांत अगदी मापाने बसत होते. यांपैकी कोणतीही प्रतिमा स्वतःहून फायद्याची किंवा तोट्याची नसते. लोक आपल्याला काय समजतात हे ओळखून त्याच्या उलट वागण्यात फायदा असतो. आणि तसे वागले की ती प्रतिमा थोडी खर्च होते.

२०१८ मध्ये एका चर्चासत्रासाठी पणजीला गेलो, तेव्हा हे प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या झाल्या, आणि आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या व नंतर जहाजांवर टेबलाच्या खेळांना परवानगी मिळाली. मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणारी जहाजे उभी दिसतात ती त्यामुळे. महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे पालथे धरून ठेवलेले पान न उघडताच टाकून दिले, असेच म्हणायचे.

छोट्या बोटीतून जहाजावर गेलो आणि सर्वांत कमी रकमेच्या पोकरच्या टेबलावर बसलो. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, नाकावर चष्मा. पहिला तासभर मी भीतीनेच पाने टाकत राहिलो. मग एकदा राण्यांची जोडी आली. मी पैसे वाढवले, आणि सगळ्यांनी मुकाट्याने पाने टाकली. मला मिळाले ते डाव सुरू होण्याआधी सक्तीने लावलेले किरकोळ पैसे. समोरचा कानात हेडफोन घातलेला तरुण माझ्याकडे पाहून किंचित हसला. त्याने मला वाचले होते. लहानपणी मोठ्या बाबांच्या पाठीमागे बसून जे विचित्र वाटे, ते आता माझ्याच बाबतीत घडत होते.

तेव्हा मी ठरवले की ही प्रतिमा वापरायची. पुढे एका डावात माझ्याकडे काही नसताना मी जवळजवळ निम्म्या चिप्स पुढे सरकवल्या. हेडफोनवाल्याने क्षणभर विचार करून पाने टाकली. पण माझ्या डावीकडे एक गृहस्थ बसले होते. दोन पेले रिचवून झालेले, सबंध वेळ एका दूरच्या पडद्यावरची क्रिकेटची मॅच पाहणारे. त्यांनी माझ्याकडे न पाहताच चिप्स टाकल्या, सत्त्यांची जोडी उघडली आणि माझे पैसे ओढून घेतले. त्यांनी मला तासभरात एकदाही पाहिले नव्हते. म्हणजे त्यांच्यापुरती माझी प्रतिमाच नव्हती. प्रतिमा आपण धारण करीत नाही. ती समोरच्याच्या स्मरणात असते, आणि समोरच्याला स्मरण नसेल तर तुमचा तासभराचा संयम वाया जातो. कसिनोत माणसे उठतात, नवी येतात, पितात, कंटाळतात. तिथली प्रतिमा घटकाभराची. वरवट बकालमधली तीस वर्षांची.

चेहऱ्याविषयीही आपली समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. निर्विकार चेहऱ्याला 'पोकर फेस' म्हणतात आणि सगळे रहस्य तिथेच आहे असे आपण धरून चालतो. माइक कॅरो यांनी १९८४ मध्ये खेळाडूंच्या हावभावांवर पुस्तक लिहिले. त्यातले मुख्य निरीक्षण असे की, सामान्य खेळाडू नट असतो : पाने कमजोर असताना जोर दाखवतो आणि भक्कम असताना खांदे पाडतो. पुढे मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००९ च्या पोकरच्या जागतिक स्पर्धेतली चित्रणे त्यांनी लोकांना दाखवली आणि खेळाडूंची पाने चांगली की वाईट हे ओळखायला सांगितले. ज्यांना फक्त चेहरे दाखवले त्यांचे अंदाज नाणे उडवून केलेल्या अंदाजापेक्षाही वाईट निघाले. ज्यांना फक्त चिप्स पुढे सरकवणारे हात दाखवले त्यांचे अंदाज त्याहून बरे आले. चेहरा शिकवलेला असतो; हाताला कुणी शिकवत नाही.

२०१७ च्या जानेवारीत, मोठे बाबा खाटेवर होते त्याच वर्षी, अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कसिनोत लिब्रेटस नावाच्या संगणक-कार्यक्रमाने चार नामवंत व्यावसायिकांना वीस दिवसांत खेळलेल्या १,२०,००० डावांअखेर हरवले. त्याला चेहरा नव्हता, हात नव्हते, आणि तो सर्रास बतावणी करीत होता. या खेळाचे गणित त्याच्याही बरेच आधी मांडले गेले आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरचा विचार आहे, आणि त्यातून निघणारा धडा असा की, जो कधीच बतावणी करीत नाही त्याच्या खऱ्या पानांनाही कुणी पैसा देत नाही. म्हणून तिचे एक योग्य प्रमाण ठेवावेच लागते. त्या दृष्टीने पाहिले तर मोठे बाबा तीस वर्षे वाईट खेळत होते. त्यांनी टेलरकाकांकडून काही लुबाडले नाही; तीस वर्षांची थकबाकी एका हाताने वसूल केली.

टेलरकाकांचाही हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. मध्ये बत्तीसशे होते आणि शो हजाराचा. म्हणजे असे चार प्रसंग आले असते आणि त्यांतल्या एकाच वेळी मोठे बाबा खोटे निघाले असते, तर तीनदा हजार-हजार गमावून एकदा बत्तीसशे मिळाले असते, दोनशेचा फायदाच. म्हणजे मोठे बाबा चारांत एकदा खोटे असू शकतात, एवढी शंका पुरेशी होती. टेलरकाकांना ती आली नाही. त्यांच्या लेखी ती शक्यता शून्य होती. एखाद्याच्या प्रतिष्ठेचे मोल आकड्यात सांगायचे झाले तर ते हेच.

हे सगळे गणित बरोबर आहे. मला ते पटलेही आहे. पण ते पटल्यावरही मोठे बाबा पुन्हा डावाला का बसले नाहीत, याचे उत्तर त्यात मिळत नाही. ते मला वर्गात, अगदी दुसऱ्याच कामात असताना मिळाले. पदवीच्या मुलांना महाभारतावर आधारित एक नाट्यप्रवेश शिकवत होतो आणि 'नरो वा कुंजरो वा' या वाक्प्रचारामागची कथा सांगत होतो. आपण युधिष्ठिराला द्यूतात हरलेला म्हणून ओळखतो. द्यूताची आवड आहे पण खेळता येत नाही, हे त्याच्याविषयीचे शकुनीचे निदान, आणि ते खरे ठरले. पण त्याच युधिष्ठिराने पुढे द्रोणांसमोर एक डाव जिंकला, तो केवळ प्रतिमेवर. अश्वत्थामा मेला, असे भीम ओरडत होता. द्रोणांचा विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही तो खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. पांडवांच्या सैन्यात दुसऱ्या कुणालाही ही चाल करता आली नसती. युधिष्ठिर बोलला, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. आणि तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला.

इथे मी वर्गात थांबलो. मुलांना वाटले, सर मुद्दा विसरले. हा रथ टेकलेला द्रोणांना दिसला नाही. तो कुणाला दिसला असेल तर युधिष्ठिराला. गावाच्या दृष्टीने मोठ्या बाबांची प्रतिमा त्या डावानंतर तसूभरही कमी झाली नव्हती. उलट वाढली होती. पुढच्या करीलाही त्यांच्या चालीवर सगळे पॅक झाले असते. पण रथ खाली आला आहे हे त्यांना कळले होते, आणि पुन्हा बसले असते तर ती चाक टेकलेली चाल त्यांना दर वेळी जाणवली असती.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत मी टेलरकाकांच्या दुकानात गेलो. पाकिटात दोन हजार रुपये घातले होते. त्या डावात गेलेले त्यांचे सातशे आणि वर सतरा वर्षांचे व्याज. काय बोलायचे ते घरून ठरवून निघालो होतो. दुकानात शिलाईचे काम थोडेच उरले होते. तयार कपड्यांनी त्यांचा धंदा खाल्ला होता. त्यांनी मला स्टुलावर बसवले, चहा सांगितला, आणि मी तोंड उघडण्याआधीच मोठ्या बाबांची आठवण काढून ती करीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"एक्क्याचा कलर टाकला म्या," ते शेजारच्या गिऱ्हाइकाला उद्देशून म्हणाले. "कोनी टाकन का? पन मले माणूस समजते. सारे पत्ते खेयते, मी माणूस खेयतो." त्यांच्या चेहऱ्यावर पराभवाचा लवलेश नव्हता. आयुष्यात जिंकलेले डाव ते विसरले होते. हा टाकलेला डाव त्यांना आठवत होता, कारण आपल्याला माणूस ओळखता येतो याचा तो त्यांच्याजवळचा एकुलता एक पुरावा होता. मोठ्या बाबांनी मला एका खोट्याची दुरुस्ती करायला पाठवले होते. इथे त्या खोट्यावर एका माणसाचा स्वतःविषयीचा आदर उभा होता.

मग ते माझ्याकडे वळले. "बरोबर हाये ना मास्तर? तुले त सांगितलं असन त्यानं. काय होतं त्याच्याजवळ?"

मी म्हणालो, "होता ना काका. सिक्वेन्स होता."

एम.ए. झालेला, वर्षानुवर्षे मुलांना शिकवणारा माणूस कारण नसताना खोटे कशाला बोलेल? माझी चाल चालून गेली. निदान मला तसे वाटले. पाकीट तसेच खिशात ठेवून मी आता काहीतरी काम सांगणे भाग होते, म्हणून शर्ट शिवायला टाकतो म्हणालो. ते टेप घेऊन उठले. छाती, खांदा, गळा अशी मापे घेऊन झाली. बाहीचे माप घेताना त्यांनी माझा हात मनगटाशी धरला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. पन्नास वर्षे माणसांची अंगे मोजलेला तो माणूस माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. मग त्यांनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाले, "चांगलं झालं. चहा पी, थंडा होऊन रायला."

त्यांना काय कळले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तेही २०२१ मध्ये गेले, म्हणून आता हे लिहितो आहे. करीला डाव हल्ली पूर्वीसारखा बसत नाही. मुले मोबाइलवर खेळू लागली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, त्याचा परिणाम काय होतो ते दिसेलच. तो शर्ट मी महाविद्यालयात घालून जातो. एक बाही थोडी आखूड आहे. त्यांच्या हातून माप चुकल्याचे गावात कुणी ऐकले नव्हते.